पणजीचं नाव कुठे गेलं?

‘खापरपणजोबा आयर्लंडहून पलटणीत भरती होऊन आले, एवढं ठाऊक आहे. पण खापरपणजी कोण होत्या?’ अँग्लो-इंडियन घरांमध्ये कुळाचा शोध घ्यायला बसलेली माणसं फिरून फिरून याच प्रश्नापाशी येतात. बापाच्या बाजूचा धागा भराभर उलगडतो. रेजिमेंट सापडते, हुद्दा सापडतो, कधी कबरीवरचा लेखही सापडतो. आईच्या बाजूचा धागा मात्र दोन-तीन पिढ्यांतच हातातून निसटतो.

मराठी घरांना वंशावळ नवी नाही. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या नामावळ्या असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारात येऊन पिढ्या म्हणून दाखवतात. या नामावळ्याही मुख्यतः पुरुषांच्याच, पण तिथे सुनेचं माहेर चार-दोन तालुक्यांच्या आत असतं, त्या घराचं आडनाव ठाऊक असतं आणि सोयरिकीच्या वाटेनं शोध पुढे नेता येतो. मिश्रवंशीय कुटुंबाला ही सोय नसते. आईचा देश, धर्म, भाषा आणि लिपी वेगळी. आणि कागद ठेवणारी कचेरी बापाच्या बाजूची. हा शोध तरीही करता येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून भारतात वाढलेल्या ब्रिटिश-भारतीय कुटुंबांच्या आधारे तो कसा करायचा, ते या प्रकरणात आहे.

१. आधी इतिहास, मग नाव

एखाद्या पूर्वजाचं नाव कोणत्या दप्तरात असेल, हे त्याला कोणती नोकरी मिळू शकत होती यावर ठरतं. आणि नोकऱ्या ठरत होत्या कंपनीच्या धोरणावर.

१६८७ मध्ये कंपनीच्या संचालकांनी मद्रासच्या फोर्ट सेंट जॉर्जला कळवलं होतं की, सैनिकांनी स्थानिक स्त्रियांशी लग्नं करावीत यासाठी उत्तेजन द्यावं, आणि अशा लग्नातल्या मुलाचा बाप्तिस्मा होईल त्या दिवशी आईला एक पगोडा, म्हणजे तेव्हाचं सोन्याचं नाणं, द्यावा. शंभर वर्षांत वारं पार फिरलं. १७९१ च्या हुकुमानं, आई किंवा बाप भारतीय असलेल्यांना कंपनीच्या मुलकी, लष्करी आणि आरमारी नोकऱ्या बंद झाल्या. १७९५ मध्ये आणखी कडक नियम आला. दोन्हीकडून युरोपीय रक्त नसलेल्याला सैन्यात जागा उरली ती बासरीवाला, ढोलवाला, बँडवाला किंवा नालबंद म्हणून.

जेम्स स्किनरचं आयुष्य या नियमांनी घडवलं. त्याचा जन्म १७७८ चा. बाप स्कॉटिश अधिकारी, आई राजपूत. कंपनीचं दार बंद असल्यानं तो शिंद्यांच्या फौजेत शिरला आणि मराठ्यांच्या कवायती पलटणींत लढाया शिकला. १८०३ मध्ये इंग्रज-मराठा युद्ध पेटलं तेव्हा त्याला तिथून बाहेर पडावं लागलं, आणि मग कंपनीनंच त्याच्याकडून घोडदळ उभारून घेतलं. त्याचं नाव असलेली ‘स्किनर्स हॉर्स’ आजही भारतीय सैन्यात आहे. त्या काळातल्या पूर्वजाचा शोध कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या यादीत करून हाती काही लागणार नाही. तो शिंदे, होळकर, निजाम यांच्या फौजांत किंवा बँडवाल्यांच्या हजेरीपटावर असू शकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पुन्हा पालटलं. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी गाडी धावली. पुढच्या काही दशकांत रेल्वे, तारखातं आणि कस्टम्स ही अँग्लो-इंडियन कुटुंबांची मुख्य चाकरी झाली. इगतपुरी, भुसावळ, दौंड इथल्या रेल्वे कॉलन्या अशा कुटुंबांनी गजबजल्या. त्यामुळे १८७० नंतरच्या पूर्वजासाठी रेल्वेचे कागद आणि रेल्वे गावातलं चर्च ही पहिली ठिकाणं.

२. आजपासून मागे, एकेक पायरी

नवशिका बहुधा उलटीकडून सुरुवात करतो. ‘आमच्या आडनावाचा एक कर्नल होता’ असं ऐकलेलं असतं, मग त्या कर्नलापासून खाली आपल्यापर्यंत रेघ ओढायची. यात दुसऱ्याच कुणाचा कर्नल आपला होऊन बसतो. पक्की वाट आजपासून मागे जाते आणि प्रत्येक पायरीला एक कागद मागते.

समजा, भुसावळला १९३२ साली जन्मलेल्या एका आजीपासून शोध सुरू करायचा आहे. तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत जन्मतारीख, आई-वडिलांची नावं, वडिलांचा धंदा आणि पत्ता मिळतो. धंदा ‘गार्ड’ असेल तर रेल्वेच्या कागदांकडे वाट फुटली. आई-वडिलांचं लग्न त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांत शोधायचं. लग्नाच्या नोंदीत वधू-वरांची वयं, धंदा, आधी लग्न झालं होतं की नाही हे, आणि दोघांच्याही वडिलांची नावं असतात. वराच्या वयावरून त्याचं जन्मवर्ष येतं, समजा १८९८. मग १८९८ च्या आसपासचा बाप्तिस्मा शोधायचा. अशा रीतीनं एक लग्न, एक बाप्तिस्मा, पुन्हा एक लग्न करत मागे सरकायचं.

इथे एक गोष्ट नजरेत भरते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचं फक्त पहिलं नाव असतं, माहेरचं आडनाव नसतं. लग्नाच्या नोंदीत वडिलांसाठी रकाना आहे, आईसाठी नाही. पुढे येणाऱ्या बऱ्याच अडचणींचं मूळ या छापील रकान्यांत आहे.

म्हणून प्रत्येक नोंदीतल्या साक्षीदारांची आणि बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्या धर्ममात्यापित्यांची नावंही उतरवून घ्यावीत. साक्षीदार बहुधा नात्यातलेच असतात. दोन बाप्तिस्मे आणि एका लग्नात तीच बाई साक्षीला उभी असेल तर ती वधूची बहीण किंवा मावशी असण्याचा संभव मोठा, आणि तिच्या स्वतःच्या लग्नाच्या नोंदीत हरवलेलं माहेर सापडू शकतं.

३. दप्तरं कुठे आहेत?

कंपनीचे आणि नंतर सरकारचे पाद्री आपल्या नोंदवहीची नक्कल इलाख्याच्या मुख्य ठिकाणी पाठवत आणि तिथून एक प्रत लंडनला जाई. ह्या लंडनच्या प्रती आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस संग्रहात आहेत. त्यांच्या तीन माळा आहेत: ‘एन/१’ म्हणजे बंगाल, ‘एन/२’ मद्रास आणि ‘एन/३’ मुंबई. मद्रासच्या नोंदी १६९८ पासून, मुंबईच्या १७०९ पासून आणि बंगालच्या १७१३ पासून सुरू होतात, आणि १९४८ पर्यंत येतात. मुंबई इलाख्यातल्या कुटुंबानं ‘एन/३’ पासून सुरुवात करावी.

यातला मोठा भाग ‘फाइंडमायपास्ट’ या सशुल्क संकेतस्थळावर पाहता येतो. ‘फॅमिलीसर्च’वर बऱ्याच नोंदींची सूची फुकट मिळते. ‘फिबिस’ ही ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांच्या शोधाला वाहिलेली संस्था स्वयंसेवकांकडून सूच्या तयार करून घेते आणि त्या खुल्या ठेवते.

लंडनची प्रत ही नकलेची नक्कल आहे, हे विसरता कामा नये. नक्कल करताना स्पेलिंग बदलतं, समासातला शेरा गळतो. म्हणून शक्य असेल तिथे मूळ चर्चची वही पाहावी. मुंबईचं १७१८ साली सुरू झालेलं सेंट थॉमस कॅथिड्रल, पुणे लष्करातलं सेंट मेरीज किंवा रेल्वे गावातलं छोटं चर्च. कॅथलिक कुटुंबांच्या बाबतीत तर मूळ पॅरिशच गाठावी लागते, कारण लंडनच्या संग्रहात कॅथलिक नोंदी तुलनेनं तुटक आहेत. मुंबईत काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, तिथे इलाख्याच्या सरकारी खात्यांची दप्तरं आहेत. पोर्तुगीज मुळाच्या कुटुंबांसाठी गोव्यात पणजी शहरातलं पुराभिलेखागार. त्याची सुरुवात १५९५ साली झाली.

ब्रिटन-अमेरिकेतल्या संशोधकाला खानेसुमारीची घरोघरची पत्रकं मिळतात. एका पानावर अख्खं कुटुंब, वयासकट. भारतात ती वाट नाही. इथे हाती येतात ती एकत्रित आकड्यांची कोष्टकं. त्यामुळे चर्चच्या वह्यांचं मोल इथे दुप्पट होतं.

४. आईचा रिकामा रकाना

अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला बाप्तिस्म्याच्या कित्येक नोंदींत बापाचं पूर्ण नाव आणि हुद्दा असतो, आणि आईविषयी फक्त ‘नेटिव्ह बाई’ एवढेच शब्द असतात. कधी तेही नसतात. पुष्कळदा रीतसर लग्न झालेलं नसे आणि मूल ‘नॅचरल’ म्हणजे विवाहबाह्य म्हणून नोंदलं जाई. आईनं धर्मांतर केलं असेल तर तिला मेरी किंवा ॲन असं नवं नाव मिळे आणि जुनं नाव त्या दिवसापासून कागदावरून पुसलं जाई.

अशी बाई चर्चच्या वहीत नसली तरी पैशाच्या कागदांत असू शकते. म्हणून दुसरं मोठं साधन म्हणजे मृत्युपत्रं. इतिहासकार विल्यम डॅलरिम्पल यांनी ‘व्हाइट मुघल्स’ या पुस्तकात बंगालमधल्या मृत्युपत्रांचा हिशेब दिला आहे. १७८० ते १७८५ च्या दरम्यान तीनातल्या एका मृत्युपत्रात भारतीय जोडीदारणीसाठी काही ना काही तजवीज होती. १८३० पर्यंत हे प्रमाण सहातल्या एकावर आलं आणि शतकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ संपलं. घर, दागिने, दरमहा ठरावीक रुपये असं काही ठेवताना मृत्युपत्रात नाव लिहावंच लागे. बाप्तिस्म्याच्या वहीत ‘नेटिव्ह बाई’ असलेली स्त्री तिथे ‘बिबी’ म्हणून का होईना, नावानिशी भेटते.

मुलांची नावंही बदलत. हैदराबादचा ब्रिटिश रेसिडेंट जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक आणि तिथल्या खानदानी घरातली खैरुन्निसा यांना दोन मुलं झाली. घरात त्यांची नावं साहिब आलम आणि साहिब बेगम. १८०५ मध्ये दोघांना जहाजानं इंग्लंडला धाडलं. त्याच वर्षी कलकत्त्यात बाप वारला, आणि आईला ती मुलं पुन्हा कधीच दिसली नाहीत. १८०६ मध्ये लंडनच्या मेरिलबोन चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला आणि वहीत चढले विल्यम जॉर्ज आणि कॅथरीन ऑरोरा कर्कपॅट्रिक. ती वही एकटी हातात पडली तर या मुलीचं पहिलं नाव साहिब बेगम होतं, हे कुणाला कळणार? कळलं ते खाजगी पत्रांतून. मोठेपणी किटी या नावानं ओळखल्या जाणाऱ्या या मुलीचा हैदराबादच्या आजीशी, शरफुन्निसाशी, पत्रव्यवहार जुळला तेव्हा १८४१ साल उजाडलं होतं. नातीला फारसी येत नव्हती आणि आजीला इंग्रजी, त्यामुळे पत्रं भाषांतर होऊन पोचत. घरातल्या ट्रंकेत अनोळखी लिपीतला कागद सापडला तर तो आधी वाचून घ्यावा.

५. फसवणारी नावं

जुन्या कागदांत समाजाचं नाव वाचताना साल पाहावं लागतं. १८३० च्या सुमाराच्या कागदात ‘ईस्ट इंडियन’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ बहुधा युरोपीय-भारतीय मिश्र वंशाचा माणूस. त्याच नावाची मुंबई, साष्टी, वसईची मराठी बोलणारी ख्रिस्ती मंडळी पूर्ण वेगळी; त्यांनी हे नाव घेतलं १८८७ मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात. ‘अँग्लो-इंडियन’ म्हणजे आधी भारतात राहणारे अस्सल ब्रिटिश. मिश्र वंशाच्या लोकांना हे नाव सरकारी कागदांत पक्कं झालं १९११ च्या खानेसुमारीच्या वेळी. त्याआधी त्यांना ‘युरेशियन’ म्हणत.

आडनाव तर आणखी फसवं. डिसोझा, फर्नांडिस, परेरा ही आडनावं गोव्यात आणि वसईत बहुतेकांना बाप्तिस्म्याबरोबर मिळाली, बरेचदा पाद्र्याची किंवा धर्मपित्याची. पोर्तुगीज आडनाव हा पोर्तुगीज रक्ताचा पुरावा होत नाही.

कायद्यानंही बापाचीच रेघ धरली. राज्यघटनेच्या ३६६ (२) कलमात अँग्लो-इंडियनची व्याख्या आहे: ज्याचा बाप किंवा बापाच्या बाजूच्या पुरुष-परंपरेतला कुणी पूर्वज युरोपीय वंशाचा होता, आणि जो भारतात स्थायिक आई-वडिलांच्या पोटी इथेच जन्मला, तो. आई युरोपीय आणि बाप भारतीय असलेलं मूल या व्याख्येत बसत नाही. अशा कुटुंबाचे कागद त्यामुळे अँग्लो-इंडियन संस्थांच्या याद्यांत सापडण्याची आशा धरू नये.

६. कागद संपल्यावर: डीएनएच्या तीन वाटा

लाळेच्या नमुन्यातून तीन प्रकारची माहिती मिळते आणि तिन्हींचा मार्ग वेगळा आहे.

पहिली, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए. तो आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुली देतात. म्हणून तो आई, तिची आई, तिची आई या एकाच रेघेनं जवळजवळ न बदलता येतो. कागदांनी गाळलेली नेमकी तीच रेघ.

याचं गाजलेलं उदाहरण सुरतेचं आहे. कंपनीच्या चाकरीतला स्कॉटिश तरुण थिओडोर फोर्ब्स सुरतेत एलायझा केवार्क नावाच्या स्त्रीबरोबर राहत होता. त्यांची मुलगी कॅथरीन १८१२ मध्ये जन्मली. थिओडोर पुढे मुंबईला आला, मुलीला स्कॉटलंडला धाडलं आणि १८२० मध्ये मायदेशी परतताना समुद्रावरच वारला. एलायझा मागे राहिली. तिच्या पत्रांत आर्मेनियन लिपीतला मजकूर होता, त्यामुळे वंशजांच्या घरात ती आर्मेनियन म्हणून सांगितली गेली. कॅथरीन, तिची मुलगी जेन, तिची रूथ, तिची दुसरी रूथ, तिची फ्रान्सिस आणि तिची डायना, अशी आई-मुलीची अखंड रेघ डायनाचा मुलगा, ब्रिटिश राजपुत्र विल्यम याच्यापर्यंत येते. २०१३ मध्ये याच मातृवंशातल्या दूरच्या नातेवाइकांचे नमुने तपासले, तेव्हा मुख्यतः भारतीय उपखंडात आढळणारा आणि विरळ असा ‘आर३०बी’ गट निघाला. एलायझाच्या आईची बाजू भारतीय होती, हे असं दोनशे वर्षांनी उजेडात आलं. त्या आईचं नाव, गाव, जात मात्र या चाचणीतून कळत नाही. आणि विल्यमकडून हा गट त्याच्या मुलांकडे जात नाही. त्यांना मिळाला तो त्यांच्या आईचा, केटचा, गट.

दुसरी, वाय गुणसूत्र. ते बापाकडून फक्त मुलग्याला मिळतं. अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन आणि त्यांच्या गुलामीत असलेल्या सॅली हेमिंग्ज यांच्या मुलांचा वाद याच वाटेनं पुढे सरकला. १९९८ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जेफरसन यांच्या काकाच्या पुरुष वंशजांचं वाय गुणसूत्र सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळलं. पण त्यानं सिद्ध होतं ते एवढंच की बाप जेफरसन घराण्यातला पुरुष होता. नेमका कोण, हे ठरवायला कागद लागले. सॅलीच्या प्रत्येक बाळंतपणाच्या नऊ महिने आधी थॉमस घरी होते, हे नोंदींतून दिसतं. आणि दुसरा मुलगा मॅडिसन यानं १८७३ मध्ये वर्तमानपत्रात स्वतःची हकीकत सांगून ठेवली होती.

तिसरी वाट उरलेल्या गुणसूत्रांची. ती आई-बाप दोघांकडून निम्मी-निम्मी येतात आणि प्रत्येक पिढीत नव्यानं मिसळतात. डाळ-तांदूळ एकत्र केलेल्या डब्यातून दोन भावंडांनी डोळे मिटून एकेक वाटी घ्यावी, तसं हे वाटप होतं. दोघांच्या वाट्या भरलेल्या, पण एकीत डाळ थोडी जास्त, दुसरीत थोडी कमी. म्हणून सख्ख्या बहीण-भावांच्या अहवालात ‘दक्षिण आशिया’ची टक्केवारी वेगळी येते, आणि त्यात संशयास्पद काही नसतं.

७. टक्क्यांचा हिशेब

एका पिढीमागे २ पूर्वज, दोन पिढ्यांमागे ४, तीन पिढ्यांमागे ८. सात पिढ्यांमागे १२८. एलायझा विल्यमच्या सात पिढ्या मागे. म्हणजे तिचा सरासरी वाटा १२८ वा भाग, पाऊण टक्क्याच्या आसपास. ती स्वतः निम्मी भारतीय असेल तर भारतीय वाटा त्याच्याही निम्मा. इतका लहान अंश पिढ्यांच्या मिसळणीत पूर्ण गळूनही जाऊ शकतो. अहवालात भारतीय टक्का शून्य आला म्हणून घरातली गोष्ट खोटी ठरत नाही.

टक्क्यांपेक्षा नातेवाइकांच्या जुळण्यांची यादी अधिक कामाची. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सुमारे १२.५ टक्के डीएनए सारखा असतो, त्यांच्या मुलांमुलांत ३ टक्क्यांच्या आसपास. समजा, बापाच्या बाजूची एक चुलत बहीण ओळखीची आहे आणि तिनंही चाचणी केली आहे. यादीतले जे लोक तिच्याशीही जुळतात ते बापाकडचे म्हणून बाजूला काढायचे. उरलेल्यांत आईकडचे असतात, आणि हरवलेल्या माहेराचा शोध त्यांच्यापासून सुरू करायचा.

८. चौकटीत काय लिहायचं?

चाचणीचा निकाल एकट्याचा नसतो. त्यात भावंडांची, मुलांची, कधीच न भेटलेल्या सावत्र काकाची माहिती येते. लग्नाबाहेरचं मूल, लपवलेलं दत्तक, पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न, असं काहीही वर येऊ शकतं. हयात माणसांची नावं त्यांना विचारल्याशिवाय सार्वजनिक वंशवृक्षावर चढवू नयेत, आणि घरातल्या वृद्धांना निकाल दाखवण्याआधी ‘पाहायचा आहे का?’ असं विचारावं. कित्येक कुटुंबांनी भारतीय आजी लपवली ती नोकरी आणि अब्रू टिकवण्यासाठी. ज्यांनी ते ओझं वाहिलं त्यांच्याशी बोलताना घाई करू नये.

आणि न सापडलेल्या स्त्रीची चौकट रिकामी सोडू नये. जे ठाऊक आहे ते सालासकट, कागदाच्या नावासकट लिहावं. उदाहरणार्थ: ‘नाव अज्ञात. स्थानिक स्त्री. मुलाचा बाप्तिस्मा पुणे लष्कर, १८४१, तेव्हा हयात. जोडीदाराच्या १८५२ च्या मृत्युपत्रात दरमहा दहा रुपयांची तजवीज. मातृवंशाचा डीएनए तपासलेला नाही.’ या चार ओळींवरून नात्यातल्या पुढच्या शोधकाला तीन कामं लगेच दिसतात: १८५२ नंतरचे पैसे वाटल्याचे हिशेब पाहणं, पुणे लष्करातल्या त्या वर्षांच्या दफनाच्या नोंदी चाळणं, आणि तिच्या मुलीच्या मुलीच्या रेघेतली एखादी हयात वंशज शोधून, तिची तयारी असेल तर, तिचा नमुना घेणं.